गिरणीमाळाचं विसावं मूल

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

"दोघं. मी आन मालक," शेवंता म्हणाली. उंबऱ्यात बसून ती एका पाच-सहा वर्षांच्या पोरीची वेणी घालत होती. तेलाचा ओघळ पोरीच्या कपाळावर आला, तो तिनं पदरानं टिपला.

"आणि ही?"

"ही न्हवं आमची. ही समोरच्या गोदाक्काची."

मी वहीत 'दोन' लिहिलं, बोळ ओलांडला आणि समोरच्या दारात उभी राहिले. गोदाक्का म्हणजे सत्तरीला टेकलेली विधवा. ती सुपात ज्वारी निवडत होती.

"घरात माणसं किती, गोदाक्का?"

"मी एकटी. दुसरं कोण असणार, बाई?"

"मग ती पोर कुणाची?"

"कुठली? ती व्हय? ती माझी."

"तुमची, तर मग घरात दोन माणसं झाली."

"न्हाई वो. जेवती तिकडं, निजती तिकडं, मार खाती त्योबी तिकडंच. ऱ्हायाला हितं मी एकटीच."

मला हसू आलं. आठ फुटांचा बोळ, अलीकडे एक घर, पलीकडे एक घर, आणि मधे हे मूल कुणाच्याच हिशेबात नाही. मी पोरीला हाक मारली. "नाव काय ग तुझं?"

"कोंडी."

"आई कोण तुझी?"

तिनं गोदाक्काकडे बोट दाखवलं. "ही आई. आन ती काकी." शेवंता खाली मान घालून फणीतले केस काढत होती. पोरीची हनुवटी, नाक, वरच्या ओठावरचा तीळसुद्धा शेवंताचा. आंधळ्यानंही सांगितलं असतं.

हे झालं तेरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. मी तेव्हा गिरणीमाळाच्या शाळेत शिक्षिका होते. सगळे मला मगदूम बाई म्हणायचे. आता निवृत्त झाले आहे, आणि ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण तिच्यात माझी बाजू चांगली नाही.

गिरणीमाळ म्हणजे आमच्या शहराचं शेपूट. शहर संपतं, रेल्वेचं फाटक लागतं, मग हमरस्ता, आणि तो ओलांडला की माळावर बंद पडलेली सूतगिरणी आणि तिच्या कामगारांची घरं. एकशे ऐंशी घरं होती आणि त्यांतली जवळजवळ निम्मी कुलपात. त्या उन्हाळ्यात मी दारोदार फिरून माणसं मोजली तेव्हा ती चारशेही भरली नाहीत, आणि त्यांतली बरीचशी साठीच्या पुढची. गिरणी बंद होऊन बारा वर्षं झाली होती, तरी म्हातारे आपली ओळख 'मी दुसऱ्या पाळीचा' अशीच करून द्यायचे, आणि तिसऱ्या पाळीचे अजून दिवसा झोपायचे. तरणी पोरं भोसरीला नाहीतर इचलकरंजीला गेलेली. गणपतीला यायची, दोन दिवस आईच्या हातचं खायची आणि परत जायची. नळावरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, पण कुणाकडे मयत झालं तर निरोप धाडावा लागत नसे, चूल न पेटवता सगळा माळ दारात हजर. नवीन काही घडतच नसल्यामुळे जुनं काही कुणी विसरत नसे. असा तो माळ.

त्या माळावर चालू असलेली एकच गोष्ट म्हणजे आमची शाळा. दोन खोल्या, एक वडाचं झाड, मुख्याध्यापक आवटी सर आणि मी. आणि त्या वर्षी पत्र आलं की ज्या शाळेचा पट विसाच्या आत आहे ती बंद करून जवळच्या शाळेत मिळवायची. जुलैअखेर पथक येऊन मुलं प्रत्यक्ष मोजणार. जवळची शाळा म्हणजे बाजारातली, तीन किलोमीटर दूर, हमरस्ता आणि फाटक ओलांडून. तिथवर सहा वर्षांचं पोर कोण सोडणार? मुलग्यांना निदान सायकलवर बसवून नेतील, मुली घरीच राहतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आमच्याकडे एकोणीस मुलं होती.

"बाई, एक मूल पाहिजे," आवटी सर म्हणाले होते. "कुठनं तरी काढा. मला दोन वर्षं राहिलीत. शाळा बंद करणारा हेडमास्तर म्हणून मला जायचं नाही."

म्हणून मी उन्हातान्हात ती वही घेऊन फिरत होते, आणि एकशे चाळिसाव्या की कितव्या दारात मला कोंडी सापडली. सहा पूर्ण. मला तर वाटलं, देवच पावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंता पाण्याला गेलेली बघून मी गोदाक्काला गाठलं. म्हटलं, आता खरं काय ते सांगा.

"खरं काय, पोटची तिचीच," गोदाक्का म्हणाली. "तुमाला दिसतंयच की. पण बाई, तिच्यासमोर म्हणू नकासा."

"का पण?"

"तीन गेली तिची. पैला अकरा दिवसांचा. दुसरी आठ म्हैन्यांची, बसाय लागलेली. तिसरा अडीच वर्साचा. राजा नाव. सगळ्या माळावर त्याला घेऊन हिंडायची. माझा राजा, माझा राजा, दुसरं बोलणंच न्हाई. हगवण लागली, तीन दिवसांत गेला. तवापास्नं तिनं मनात घेतलं. म्हणाली, माझं म्हणलं की जातंय. मग ही झाली. बाळंतपण मीच केलं. बाराव्या दिवशी आमच्या रीतीनं पोरीला सुपात घातली, कोंड्यावर ठेवली, आन दारातल्या उकिरड्यावर नेली. मी मूठभर कोंडा दिला आन पोर उचलली. इकत घेतली. म्हणून कोंडी."

"आणि परत शेवंताकडे दिली."

"सांभाळायला दिली. माझी पोर, ती सांभाळती. सहा वरसं झाली, ती एकदाबी माझी म्हणली न्हाई. पोरगीबी तिला काकी म्हणती. पण पोर जगली का न्हाई? बगा तुमीच."

तिन्ही मुलं कशानं गेली ते मला लगेच कळलं होतं. माळावरचं पाणी उघड्या हौदातनं यायचं आणि दवाखाना फाटकापलीकडे. 'माझा' म्हटल्यानं नव्हे. हे मी गोदाक्काला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, सुपातला एक खडा काढून टाकला आणि म्हणाली, "असंल बाई. पण जगली न्हवं?"

संध्याकाळी मी हे आवटी सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच.

"झालं की मग! म्हातारी अंगठा देईल?"

"विचारलं मी. देते म्हणाली. पण..."

"मग घ्या अंगठा. अर्जात काय विचारलंय? 'पालकाचे नाव.' आईचा रकाना मोकळा सोडा, मी बघतो पुढचं. पालक गोदाक्का. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

इथं मी नाही म्हणाले. माझा स्वभाव तेव्हा असा होता की लग्नाच्या मांडवावर 'शुभवीवाह' लिहिलेलं दिसलं तरी मी यजमानाला बोलवून चूक दाखवायची. शहरातल्या काही शाळा पट टिकवायला खोटी नावं घालायच्या, हे मला ठाऊक होतं आणि मला त्याची शिसारी होती. माझ्या हजेरीत खोटं नाव कधी लागलं नव्हतं.

"सर, आई जिवंत आहे, समोरच्या घरात राहते, आणि आपण रकाना मोकळा सोडायचा? उकिरड्यावरच्या कोंड्याला आपण शाळेचा शिक्का मारायचा? उद्या पथकातल्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय, बाई."

"मी विचारते की. तिनं सांगू दे, माझी आहे म्हणून. एकदा म्हणेल, काही होणार नाही, तिचं तिलाच कळेल. आपण शिकवायला बसलोय ना इथं?"

आवटी सरांनी मान डोलावली. पट राखायचा तर माझ्याशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं, सर्वेक्षणाच्या वहीवर सही माझी होती.

शेवंताला मी पहिल्यांदा गोडीनं सांगितलं. ती ऐकेना.

"बाई, तुमी काय पायजे ते लिवा. मला म्हणाय लावू नका."

"अगं, म्हटल्यानं काय होतं? मी माझ्या मुलाला दिवसातनं पन्नासदा माझा म्हणते."

"तुमचं न्यारं हाय. तुमची गेली न्हाईत."

म्हणून मी दुसरी वाट धरली. नळावर चार बायका भेटल्या तेव्हा त्यांना म्हटलं, शाळा राहायला एकच मूल कमी आहे, ते शेवंताच्या हातात आहे, आणि ती एक शब्द बोलायला तयार नाही. एवढंच बोलले. पुढचं माळानं केलं. दुसऱ्या दिवसापासून एकोणीस मुलांच्या आया तिच्या दारात. कुणी पाया पडलं, कुणी वाकडं बोललं. "तुझ्या एका शब्दापायी माझ्या दोन पोरी घरी बसायच्या का?" असं एकजण माझ्यादेखत म्हणाली. शेवंताचा नवरा दशरथ त्याच बंद गिरणीवर राखणदार होता. तो भिंतीला टेकून बसलेला होता. शेवटी म्हणाला, "म्हण की एकदाचं. सगळ्यांसाठी म्हणायचंय, आपल्यासाठी न्हाई."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, ते मला अजून दिसतं. घरातलं शेवटचं माणूसही पलीकडे गेलं, असं तिचं तोंड झालं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती कोंडीला घेऊन शाळेत आली. गोदाक्काही आली होती, पण ती बाहेर वडाखालीच बसली. सरांनी जनरल रजिस्टर उघडलं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव ज्यात कायमचं लिहितात ते हे मोठं पुस्तक.

"मुलीचं नाव?" सरांनी विचारलं.

"कोंडाबाई."

"कोमल लिहा, सर," मी म्हणाले. "शाळेत असलं नाव नको, पोरं चिडवतील." शेवंता काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. वाईट नाव मुद्दाम ठेवलेलं असतं, सटवीनंसुद्धा हात लावू नये म्हणून, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला तेव्हा सगळंच एका दमात साफ करायचं होतं.

"आईचं नाव?"

सर माझ्याकडे बघायला लागले. त्यांचं पेन रकान्यावर थांबलं होतं.

"सांग ना, शेवंता," मी म्हणाले. "ही मुलगी कुणाची?"

"माझी," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

ऐकू आलं होतं. चांगलं स्वच्छ ऐकू आलं होतं. सरांनीही लिहायला सुरुवात केली होती.

"माझी हाय!" ती मोठ्यानं म्हणाली.

कोंडी तिच्या तोंडाकडे बघत होती. "काकी, मी गोदाईची न्हवं व्हय?"

शेवंतानं रजिस्टरावर सही केली, नवसाक्षरांच्या वर्गात शिकलेली तिची ती मोठमोठ्या अक्षरांची सही. जाताना तिनं शाळेच्या पायरीवरची चिमूटभर माती उचलून पोरीच्या कपाळाला लावली. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, जाईल हेही हळूहळू. त्या दिवशी मी माझ्या खर्चानं पेढे आणले. वीस मुलं, वीस पेढे.

कोंडी हुशार निघाली. मी तिला कोमल म्हणून हाक मारायची तेव्हा ती मागे वळून बघायची, आणखी कोण आलंय का म्हणून. 'क' पंधरा दिवसांत काढायला लागली. पाटी पुसायला तिला फार आवडायचं. दुसऱ्यांच्याही पाट्या पुसून द्यायची. आवटी सर मला म्हणाले, "बाई, तुमचंच खरं ठरलं." त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

जुलैमध्ये माळावर तापाची साथ आली. वर्गातली सात मुलं आडवी झाली. कोंडी आठवी.

मी बघायला गेले. पोर गोदाक्काच्या घरात घोंगडीवर निजलेली होती आणि शेवंता बोळाच्या पलीकडे, स्वतःच्या उंबऱ्यात उभी होती. तिथूनच गोदाक्काला सांगत होती, कपाळावरची पट्टी बदला, पाणी पाजा.

"अगं, तू इथं ये की. पोर काकी काकी करतेय."

"मी शिवली की वाढंल."

मी स्वतः रिक्षा करून पोरीला फाटकापलीकडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साथीचा ताप आहे, पाच दिवसांत उतरेल. बरोबर पाचव्या दिवशी उतरला. सहाव्या दिवशी कोंडी शाळेत आली, दोन वाट्या खिचडी खाल्ली आणि वडाच्या पारंबीला लोंबकळली. मी मुद्दाम शेवंताच्या दारावरून गेले.

"बघितलंस? म्हटलीस तू माझी. काय झालं?"

"बरी झाली," ती म्हणाली.

"झाली ना? मग?"

ती घागर उचलून नळाकडे निघाली. मला वाटलं, पटलं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. मुलं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती. तिनं कोंडीकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ माझ्याकडे आली.

"बाई, ते लिवलेलं खोडता येतंय का?"

"कुठलं?"

"ते. माझी म्हणून लिवलंय ते."

"जनरल रजिस्टरातलं काहीही खोडता येत नाही, शेवंता. ती दगडावरची रेघ असते."

"म्हंजी कायमचं?"

"कायमचं."

"कोण मेलं तरी?"

"मेलं तरी. असलं अभद्र काय बोलतेस?"

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "आन पोर दुसऱ्या गावाला गेली तर? तिथं नवं लिवत्यात?"

"तिथल्या शाळेचं रजिस्टर वेगळं. हल्ली दाखला नसला तरी वय बघून घेतात मुलांना."

"तिथं आईचं नाव कोण सांगतंय?"

"जो कुणी पोराला घेऊन जाईल तो सांगेल. का ग? कुणाचं मूल जायचंय?"

"न्हाई. असंच इचारलं," ती म्हणाली आणि निघून गेली. मी मुलांना दुसऱ्यांदा खिचडी वाढायला वळले. कुणी शाळेबद्दल काही विचारलं की मला बरंच वाटायचं. माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही, हे मी देवाशपथ सांगते. पण यायला हवं होतं.

पथक मंगळवारी येणार होतं. सोमवारी कोंडी शाळेत आली नाही. मी एका मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "गोदाक्काच्या घराला कुलूप हाय, बाई. काल तिचा भाऊ टेम्पो घेऊन आलता. भांडीबी नेली." गोदाक्काचा भाऊ अथणीच्या पुढे कुठल्याशा खेड्यात राहायचा. कर्नाटकात. तिथली शाळा कानडी.

मी धावत शेवंताकडे गेले. दाराला आतून कडी होती. हाका मारल्या, कडी वाजवली. आत कुणीतरी आहे हे कळत होतं, पण दार उघडलं नाही.

मंगळवारी पथकाचे साहेब आले. त्यांनी मुलांना वडाखाली ओळीत उभं केलं आणि पेनाच्या टोकानं मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस.

"हजेरीत वीस आहेत. कोमल लोखंडे कुठे आहे?"

आवटी सर खाली बघत होते. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती.

"तापानं घरी आहे," मी म्हणाले.

माझ्या नोकरीतलं हे पहिलं खोटं. ते बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"घर दाखवा," साहेब म्हणाले.

मला वाटलं होतं दार बंदच असेल, मग काहीतरी सांगता येईल. पण शेवंता दारातच उभी होती. अंगावर धुवट लुगडं, हात पुसलेले, आमची वाट बघत असल्यासारखी.

"कोमल तुमची मुलगी?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, साहेब. आमाला मूलबाळ न्हाई."

"रजिस्टरात आई म्हणून तुमची सही आहे."

"चुकून केली. ती गोदाक्काची पोर. गोदाक्का घेऊन गेली."

"कुठे?"

"तिच्या गावाला. परत यायची न्हाई."

मी तिला डोळ्यांनी विनवत होते. निदान आजचा दिवस, निदान हे गृहस्थ जाईपर्यंत. तिनं माझ्या नजरेला नजर दिली आणि मान हलवली, नको, अशी. रागानं नव्हे. तापलेल्या तव्याला हात लावणाऱ्या पोराला आई जशी नको म्हणते तशी. साहेबांनी तिथंच, तिच्या कट्ट्यावर कागद ठेवून, विसाचे एकोणीस केले.

शाळा ऑगस्टमध्ये बंद झाली. बाकं टेम्पोतून बाजारातल्या शाळेत गेली आणि बाकांच्या मागून मीही गेले. माझी नोकरी शाबूत राहिली. आवटी सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. एकोणीस मुलांतली दहा त्या शाळेत आली, सगळे मुलगे. मुली नऊ होत्या, त्यांतली एकही आली नाही. पुढच्या दोन वर्षांत माळावरची आणखी तीस घरं कुलपात गेली. शाळा नाही तर राहायचं कशाला, म्हणून जी थोडी तरणी जोडपी उरली होती तीही गेली.

माळानं शेवंताला वाळीत टाकल्यासारखं केलं. नळावर तिची घागर शेवटी. तिच्या शेजारच्या घरात बारसं झालं, पण तिला आवतण नव्हतं. "सगळ्यांची पोरं बसवली घरी हिनं," असं बायका तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या. मी त्यांना सांगायला हवं होतं, अगं बायांनो, म्हातारी अंगठा द्यायला तयार होती, मी घेतला नाही. एक अंगठा घेतला असता तर शाळाही राहिली असती आणि पोरही. हे मी नळावर उभं राहून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.

दिवाळीनंतर एकदा, शाळा सुटल्यावर, मी मनाचा हिय्या करून तिच्याकडे गेले. ती उंबऱ्यात बसली होती. समोरच्या घराच्या कुलपाला कुणीतरी तेल घातलेलं दिसलं. तिनंच घातलं असणार.

"या बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"काही कळलं का तिकडचं?"

"सांगावा आलता. कानडी बोलती म्हणं आता. साळंत जाती."

"बघायला जाणार नाहीस?"

"जाऊन काय सांगू, बाई? कोण म्हणून जाऊ?"

"अगं, काकी म्हणून जा."

"माझ्या जिवाला कळतंय न्हवं मी कोण ते. एकदा म्हणून बसलीया मी. आता तिच्या वाऱ्यालाबी उभं ऱ्हायचं न्हाई." ती दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत होती. "आधी खोटंच इकली हुती. तिकडनं घेतली आन हिकडं ठेवली. म्हणून तर ताप आला. आता खरंच दिली."

"शेवंता, ताप सगळ्यांनाच आला होता. आणि उतरला होता ग. पोर ठणठणीत झाली होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली, पारंबीला लोंबकळत होती."

"ठणठणीत झाली म्हणूनच दिली, बाई," ती म्हणाली. "गेल्यावर कोण नेणार हुतं?"

मला रडू आलं. तिला आलं नाही. ती उठली, पदर खोचला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आत या, बसा. च्या टाकते. मालक अजून अर्धा लिटर दूध आणत्यात, सांगूनबी ऐकत न्हाईत. रोज उरतंय."

मी आत गेले. तिनं चहा केला, पाणी न घालता, सगळा दुधाचा. आम्ही दोघींनी तो प्यायला.